तीन बॉलांची संगत

बिलियर्ड्सच्या टेबलावर बॉल तीनच असतात. एक आपला, एक समोरच्याचा आणि एक लाल. आपल्या बॉलनं उरलेल्या दोघांना शिवलं की कॅनन, दोन गुण. लाल खड्ड्यात घातला की तीन. पण तो खड्ड्यात राहत नाही, लगेच काढून पुन्हा टेबलावर त्याच्या जागी ठेवतात. आपलाच बॉल दुसऱ्याला लागून खड्ड्यात गेला तरी गुण मिळतात, त्याला इन-ऑफ म्हणायचं. आणि समोरच्याचा बॉल खड्ड्यात घातला तर? दोन गुण मिळतात, पण तो बॉल तुमची खेळी संपेपर्यंत बाहेर येत नाही. मग टेबलावर तुम्ही आणि लाल, दोघंच. कॅननला तिसरा लागतो आणि तो तर तुम्हीच बुडवलेला. म्हणून जाणता खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या बॉलला आपल्या बॉलइतकंच जपतो. स्नूकरमध्ये टेबल रिकामं करत जायचं असतं. बिलियर्ड्समध्ये काहीच संपवायचं नसतं. तिघांना एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर ठेवायचं, शिवायचं पण उधळायचं नाही, आणि जमेल तितका वेळ हेच करत राहायचं.

ही संगत आयुष्यभर सांभाळणारा एक माणूस पुण्यात जन्मला, मुंबईत राहिला आणि ५ ऑक्टोबर २००३ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी गेला. विल्सन जोन्स. पूर्ण नाव विल्सन लायनेल गार्टन-जोन्स. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवणारा पहिला भारतीय म्हणून त्यांचं नाव घेतात. घेतात म्हणजे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत घेतात, एका ओळीत, चार पर्यायांपैकी एक म्हणून. आमच्याकडे हिंगोलीत अभ्यासिकांना तोटा नाही. पहाटेपासून तिथे पोरं ही ओळ पाठ करत असतात. त्यातल्या एकालाही त्या माणसानं नेमकं काय केलं हे सांगता येणार नाही, आणि त्यात त्या पोरांचा काही दोष नाही. आपण मराठी माणसांनी हा माणूस आपला म्हणून कधी मोजलाच नाही.

हिंगोलीचा आणि बिलियर्ड्सचा संबंध काय, असं कुणी विचारील. संबंध छावणीचा. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची जी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती, तिची एक छावणी हिंगोलीला होती. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, आणि हिंगोली. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळून टाकली आणि इथली छावणी उठली. मागे राहिला रिसाला बाजार, राहिला पेन्शनपुरा. घोडेस्वार गेले, निवृत्तिवेतन खाणारे गेले, वस्त्यांच्या पाट्या तेवढ्या उरल्या.

आणि बिलियर्ड्स या देशात आला तो अशाच छावण्यांच्या मेसमधून. शाळेतल्या मैदानावरून नाही, गावच्या जत्रेतून नाही. १८७५ साली जबलपूरच्या मेसमध्ये पावसाळ्यानं कोंडून घातलेल्या अधिकाऱ्यांपैकी नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुणानं टेबलावर आणखी रंगीत बॉल आणून ठेवले, आणि त्यातून स्नूकर झाला. पुढं उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहिले गेले. म्हणजे ज्याला जग विलायती खेळ समजतं तो खरं तर आपल्या आषाढ-श्रावणातला आहे. तर छावण्या दोन तऱ्हांच्या निघाल्या. काही उठून गेल्या. काही राहिल्या आणि त्यांच्याभोवती शाळा, चर्च, बेकऱ्या, क्लब रुजले. आमची पहिल्या तऱ्हेची. पुण्याचा कॅम्प दुसऱ्या तऱ्हेचा.

शोक कसा करावा हे शिकायला मात्र हिंगोलीहून लांब जावं लागत नाही. नरसी इथून जवळच, नामदेवांचं जन्मगाव म्हणून मान असलेलं. ज्ञानदेवांच्या समाधीचे नामदेवांचे अभंग म्हणजे मराठीतला पहिला मोठा विलाप, असं मला वाटतं. ज्यांच्यासोबत वाट चालली ते एकेक करून निघून गेले, आणि मागे राहिलेल्यानं त्यांच्या जाण्याचा सगळा तपशील सांगत राहायचं, कोण आलं, कुणाचा कंठ दाटला, कुणी कुणाला सावरलं. नुसतं हाय हाय म्हणून भागत नाही, तपशील द्यावा लागतो. जोन्स यांच्याबाबतीत तपशील द्यायचा तर तो टेबलाचा द्यावा लागेल. त्यांचं सगळं चरित्र तिथेच घडलं.

पण आधी माणूस. २ मे १९२२ चा जन्म, पुण्यातलं अँग्लो-इंडियन घर, बिशप्स आणि सेंट व्हिन्सेंट्स या शाळा. अँग्लो-इंडियन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एक ठरलेलं चित्र येतं, सिनेमानं दिलेलं. खरी माणसं भुसावळला, दौंडला, इगतपुरीला रेल्वेच्या वसाहतींत राहत होती. इंजिनं हाकत होती, तारा पाठवत होती, कस्टममध्ये माल तपासत होती. त्यांच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाचाचा एक हॉल असे, आणि बऱ्याच ठिकाणी बिलियर्ड्सचं एक टेबल. हिंदी सिनेमात हे टेबल फक्त दोघांच्या घरी दिसतं, नायिकेच्या श्रीमंत बापाच्या नाहीतर खलनायकाच्या. रेशमी गाऊन, हातात पेला, आणि कुणाशी तरी बोलता बोलता एक बॉल टोलवायचा. जोपर्यंत हे दृश्य डोक्यात आहे तोपर्यंत आपल्याला हा खेळ दिसणार नाही, आणि काळ्या हातांनी कोळशाच्या इंजिनावरून उतरून, अंघोळ करून, संध्याकाळी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, खडू लावणारा ड्रायव्हर तर दिसणारच नाही.

आणखी एकजण दिसत नाही. मार्कर. क्लबाक्लबांतून बिलियर्ड्सच्या खोलीत हा पगारी माणूस असे. दिवे लावायचे, कापडावर ब्रश फिरवायचा, मग इस्त्री, बॉल पुसून मांडायचे, गुण मोठ्यानं पुकारायचे, आणि एखाद्या सभासदाला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं. त्याच्याशी खेळायचं आणि त्याचं मन राखायचं. टेबलाचा कुठला कोपरा खातो, कडेची कुठली कुशन मऊ पडली आहे, पावसात लाल किती आळसावतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसे. पण तो खेळावर पोट भरणारा, म्हणून हौशी स्पर्धांची दारं त्याला बंद. चषकांवर कोरलेल्या नावांत हा माणूस सापडत नाही. या देशात पुढं जे जगज्जेते झाले त्यांच्या हातांत कितीतरी मार्करांचे हात मुरलेले असणार. विल्सन जोन्सवर लिहिताना या लोकांचं नाव घ्यावंसं वाटतं आणि घ्यायला नाव नाही.

१९३९ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा जोन्स सैन्यात गेले. ते दिवस मी भराभर सोडून देतो. स्वातंत्र्याच्या सुमारास ते मुंबईत आले, नोकरी धरली, आणि १९४८ साली स्नूकरचे राष्ट्रीय विजेते झाले. १९५० साली बिलियर्ड्सचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद. १९६६ पर्यंत अशी बारा, आणि स्नूकरची पाच. यातली प्रत्येक स्पर्धा नोकरी सांभाळून खेळलेली. बक्षिसाची रक्कम नावाची गोष्ट त्या जगात नव्हती. सुट्टी मागायची, गाडीत बसायचं, परगावच्या अनोळखी टेबलाशी ओळख करून घ्यायची.

हे टेबल म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. बारा फूट लांब, सहा फूट रुंद. लाकडी सांगाड्यावर पाटीच्या दगडाच्या पाच लाद्या सांधून बसवलेल्या, इतक्या जड की सगळं टेबल एका टनाच्या पुढं जातं. त्यावर ताणून बसवलेलं लोकरी हिरवं कापड. या कापडाला लव असते आणि लवेला दिशा असते. लवेच्या दिशेनं हळू सोडलेला बॉल एक वाट धरतो, उलट दिशेनं सोडलेला शेवटच्या वितीत किंचित वाकडा होतो. शिकाऊ माणसाला वाटतं आपला हात चुकला. पूर्वी बॉल हस्तिदंताचे होते. एका सुळ्यातून मोजकेच निघत, आणि त्यांचं वजन, गोलाई हवेबरोबर बदलत राही. त्यांच्यापायी किती हत्ती मेले याचा हिशेब या सभ्य खेळानं फारसा कधी मांडला नाही. नंतर सेल्युलॉइड आलं, पुढं कृत्रिम राळ. हत्ती सुटले.

कॅरम खेळलेल्या माणसाला यातलं पुष्कळ बोटांत आधीच कळलेलं असतं. रिबाउंड, कट, राणीला धरून ठेवणं. फरक इतकाच की कॅरमची पावडर आपण मुठीनं टाकतो, आणि इथे मुंबईच्या जुलैमध्ये कापडानं ओल धरली की त्यावर इलाज चालत नाही. बॉल जड पडतात, कुशनची उसळी मरते, काल बसलेला हिशेब आज चुकतो. मग हात बदलावा लागतो. किती, ते कुणी सांगू शकत नाही.

आता आमच्या जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची प्रयोगशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन भुजा. त्यांत प्रकाश आरशांवर आपटून परत येणार, आणि येताना केसाच्या कोट्यंश भागापेक्षाही कमी अंतराचा फरक सांगणार. त्याबद्दल वाचताना मला दरवेळी कुशनवरून परतणारा पांढरा बॉल आठवतो. जोन्स यांच्याकडे लेसर नव्हता. त्यांच्याकडे अ‍ॅश किंवा मेपलची एक काठी, टोकाला चामड्याची टिकली आणि चिमूटभर खडू होता.

जोन्स या खेळात मोठे झाले तोवर इंग्लंडमध्ये हा खेळ जवळजवळ मेला होता. मारला कुणी? ज्यांना तो सर्वांत चांगला येत होता त्यांनी. १९०७ साली टॉम रीस नावाच्या इंग्रज खेळाडूनं दोन बॉल खड्ड्याच्या तोंडाशी असे अडकवून धरले की त्याचा तिसरा बॉल त्यांना हळूच शिवत राहिला, शिवत राहिला, आठवडेच्या आठवडे. ४,९९,१३५ गुण झाले तेव्हा ती खेळी थांबवली, संपली नव्हतीच. १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमनं लंडनमध्ये एका खेळीत ४,१३७ केले. समोरचा खेळाडू खुर्चीवर बसून, लोक खुर्च्यांवर बसून, टेबलाच्या एका कोपऱ्यात तीन बॉल एकमेकांशी कुजबुजताहेत आणि मार्कर आकडे पुकारतो आहे. नियम बदलले, मर्यादा घातल्या, पण प्रेक्षक उठून गेले ते गेलेच. जो डेव्हिससारखा इंग्रज खेळाडू स्नूकरकडे वळला, त्याच्यामागे सगळे वळले. व्यावसायिक बिलियर्ड्सची जागतिक स्पर्धा वर्षानुवर्षं भरलीच नाही. इतकं सुंदर खेळायचं की बघणाऱ्याला झोप यावी, हा प्रकार मला संगीतातल्या काही जुन्या लोकांमध्येही दिसतो. पण ते राहू द्या.

म्हणजे विल्सन जोन्स हे भरात असलेल्या खेळाचे राजे नव्हते. मालकांनी सोडून दिलेल्या वाड्यात दिवा लावत राहिलेले होते. आणि हौशी लोकांनी तो वाडा सांभाळला, ब्रिटनच्या, ऑस्ट्रेलियाच्या आणि, मुख्य म्हणजे, भारताच्या.

१९५२ साली हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा कोलकात्यात झाली. जिंकला ब्रिटनचा लेस्ली ड्रिफील्ड. १९५८ साली ती पुन्हा कोलकात्यात आली. ड्रिफील्डही आला. या वेळी तो दुसरा. पहिले जोन्स, वय ३६.

त्याच १९५८ साली कार्डिफला मिल्खासिंगांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. ती धाव आजही सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या सहा वर्षं आधी हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्यपदक आणलं, आणि कराड स्टेशनवरून गोळेश्वरापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती कथा आपण मुलांना सांगतो, सांगायलाच हवी. खाशाबांना सरकारनं जिवंतपणी कुठला मोठा पुरस्कार दिला नाही, पण लोकांनी त्यांना सोडलं नाही. तालीम आपली, माती आपली, आडनाव आपलं. जोन्स यांची मिरवणूक कुठून कुठं काढायची? कॅम्पातून पेठांत? गामा पैलवानानं १९१० सालीच लंडनमध्ये जॉन बुल पट्टा जिंकला होता, तेव्हा पहिला जगज्जेता कोण यावर कुणी वाद घालू शकतो. तो वाद घालायला तरी जोन्स यांचं नाव माहीत असावं लागतं. इतकी वर्षं या महाराष्ट्रात राहिलेला, पुण्यात जन्मलेला जगज्जेता, आणि मराठीत त्याच्यावर लिहिलेलं शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. आपल्याकडच्या क्रीडाप्रेमाला घामाचा वास लागतो. पांढऱ्या शर्टावर काळा बो बांधून, वाकून, श्वास रोखून केलेल्या पराक्रमाचं काय करायचं ते त्याला कळत नाही.

मला त्या वाकण्याबद्दल बोलायचं आहे. डावा हात टेबलावर, बोटं पसरून रोवलेली, अंगठा वर उचललेला, त्या खाचेत क्यू. हनुवटी क्यूच्या रेषेत खाली आलेली. उजव्या हाताचा कोपर लंबकासारखा, खांदा मात्र जागचा हलायचा नाही. दोन-तीनदा मागेपुढे, आणि मग सोडायचा. जोरात मारणं सोपं असतं. कठीण असतं ते हळू मारणं, इतकं हळू की लाल फक्त अर्धं बोट सरकावा आणि दुसरा जागच्या जागी वळावा. टेबलाच्या वरच्या टोकाशी तिन्ही बॉल जमवून आणले की हे नाजूक काम सुरू होतं. पॉट, म्हणजे लाल खड्ड्यात, मग कॅनन, पॉट, कॅनन. खेळणारा टेबलाला फेऱ्या घालत नाही, एका जागी उभा राहून दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. आणि या सगळ्याचं काय उरतं? दगड तसाच, कापड तसंच, मागं कुठली खूण नाही. नवा सामना सुरू झाला की फलकावरचे काटे मागे सरकवतात. चित्रकाराचं चित्र मागं राहतं, क्रिकेटवाल्याच्या षटकाराची गोष्ट मागं राहते. शंभर कॅननची गोष्ट कोण सांगणार?

१९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुकेकोहे नावाच्या गावी त्यांनी जागतिक अजिंक्यपद दुसऱ्यांदा मिळवलं. वय ४२. मुंबईचा तरुण मायकेल फरेरा त्या स्पर्धेत होता. १९६५ साली पद्मश्री. १९६६ ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि मग त्यांनी स्पर्धेची क्यू खाली ठेवली. अर्जुन पुरस्कारही होता. हे सगळं एका परिच्छेदात संपतं आणि संपू द्यावं. जोन्स यांची खरी कमाई मला यानंतरची वाटते.

फरेरा पुढं तीनदा हौशी जगज्जेते झाले, १९७७, १९८१ आणि १९८३. ते वकिली बाण्याचे, भांडखोर. १९८१ साली सरकारनं पद्मश्री देऊ केली तर त्यांनी परत पाठवली. गावसकरला पद्मभूषण आणि मला पद्मश्री का, हा त्यांचा सवाल. दोन वर्षांनी पद्मभूषण घेतलं. मला तो सवाल आवडतो. हरणाऱ्या खेळाच्या बाजूनं कुणीतरी आवाज चढवायला हवाच होता. पण जोन्स यांच्या वाट्याला त्याआधीचं काम आलं होतं, जेव्हा सवाल विचारण्याइतकीही या खेळाची पत नव्हती.

ते शिकवायला लागले. ओम आगरवाल, सुभाष आगरवाल, अशोक शांडिल्य यांच्या घडणीत त्यांचा हात आहे. आता, बिलियर्ड्स शिकवणं हा प्रकार बाहेरून पाहणाऱ्याला दिसतच नाही. पोहणं शिकवणारा ओरडतो, कुस्तीचा वस्ताद अंगाला अंग लावतो. इथे गुरू टेबलाच्या पलीकडे उभा असतो आणि मुलगा क्यू मागे घेतो तेव्हा त्याच्या कोपराकडे बघत असतो. बॉल खड्ड्यात गेला का, हे तो बघतही नाही. तो खड्ड्यात जाऊनही चूक असू शकते, कारण नंतर तीन बॉल कुठे थांबले हा खरा प्रश्न. जुन्या लोकांची एक तालीम होती. टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून क्यू आतबाहेर करायची, काचेला न शिवता. तासन्‌तास. बॉलच नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला हे करायला लावणाऱ्या माणसाकडे धीर किती असला पाहिजे.

आणि शिकवणाऱ्याला स्वतःचा हात आवरावा लागतो. दोनदा जगज्जेता झालेल्याला सर्वांत अवघड काय असेल, तर समोर मुलगा चुकतो आहे, क्यू आपल्या हातापासून वीतभर अंतरावर आहे आणि ती उचलायची नाही. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचा बॉल टेबलावर राखला त्यालाच हे साधणार.

१९८४ साली डब्लिनमध्ये ओम आगरवाल हौशी स्नूकरचे जगज्जेते झाले. पहिले भारतीय. म्हणजे गुरूनं बिलियर्ड्समध्ये जी पहिली ओळ लिहिली ती शिष्यानं स्नूकरमध्ये. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, ओम गेले. चाळिशीच्या आतबाहेरचं वय, कर्करोग. जोन्स तेव्हा ७२ वर्षांचे. नामदेवांची आठवण मला इथे येते. आपल्यामागून आलेला आपल्याआधी उठून जातो, आणि म्हाताऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर यायचं असतं, कारण दुसरी मुलं आलेली असतात. १९९६ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत बिलियर्ड्स पहिल्यांदा आला आणि त्याचं एकेरीचं सुवर्ण अशोक शांडिल्य घेऊन आले, दुहेरीचं शांडिल्य आणि गीत सेठी. सुभाष आगरवालही पुढं द्रोणाचार्य झाले. ही परंपरा कुठल्या घराण्याच्या नावानं ओळखली जात नाही. गाण्यात असती तर आतापर्यंत तिला नाव पडलं असतं, आणि भांडणंही लागली असती.

मुंबईत चर्चगेटला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात विल्सन जोन्स यांच्या नावाचा बिलियर्ड्स हॉल आहे. क्रिकेटच्या क्लबात बिलियर्ड्सवाल्याचं नाव, हा मान लहान नाही. तरी तो क्लबातला मान. सभासद नसलेल्या माणसाला ती पाटीसुद्धा सहज दिसत नाही.

त्यांच्या समाजाचं काय झालं हेही सांगायला हवं. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन माणसं निघाली. इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला. दौंडच्या आणि भुसावळच्या वसाहतींतले बंगले रिकामे होत गेले, नाताळातल्या नाचाला बाया-बाप्ये कमी पडू लागले, इन्स्टिट्यूटमधल्या टेबलांवर चादरी चढल्या. पुष्कळ घरं निघाली ती पन्नास-साठच्या दशकांतच, जेव्हा जोन्स भारतासाठी खेळत होते. दोनदा जग जिंकलेल्या इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला परदेशात बूड टेकायला जागा मिळाली नसती असं नाही. ते इथेच राहिले. का राहिले, हे मोठ्या शब्दांत सांगायची गरज नाही. पुष्कळ माणसं जिथे असतात तिथे राहतात, कारण तिथे सकाळी जायला एक जागा असते आणि तिथे कुणीतरी वाट बघत असतं.

जोन्ससाहेब, तुम्हाला सांगायच्या काही गोष्टी राहून गेल्या आहेत.

टेबलावर आता दोन पांढरे नसतात. एक पांढरा, एक पिवळा, म्हणजे टीव्हीवर बघणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये. पूर्वीच्या पांढऱ्यावरचा तो बारीक ठिपका शोधायची आता गरज नाही. बघणारे मात्र वाढले नाहीत.

लोकसभेत तुमच्या समाजाच्या दोन नियुक्त जागा होत्या, त्या २०२० च्या जानेवारीत संपल्या. फार आरडाओरड झाली नाही.

आमच्याकडे मराठवाड्यात पूल आणि स्नूकरची टेबलं आली आहेत. तालुक्याच्या गावी, शटर असलेल्या गाळ्यात, बाहेर मोटारसायकली लावून. पोरं हातातली क्यू काठीसारखी गरगर फिरवतात, जोरात मारतात, आणि बॉल खड्ड्यात गेला की ओरडतात. तुम्हाला आवडलं नसतं. पण त्यातला एखादा दुपारी एकटाच येतो, तासाचे पैसे आधी देतो, आणि बॉल खड्ड्यात घालण्याऐवजी तो मारल्यावर पांढरा कुठे जाऊन थांबतो ते बघत राहतो. असा मुलगा गाळेवाल्याला वेडसर वाटतो. तुम्ही त्याला पाहिलं असतं तर आधी त्याचा कोपर पाहिला असता.

आणि एक बातमी तुमच्या गावची. तुम्ही गेलात त्याच २००३ साली चीनमध्ये जिआंगमेन इथे एका १८ वर्षांच्या मुलानं हौशी स्नूकरचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. ओमनंतर तब्बल एकोणीस वर्षांनी ते भारतात आलं. मुलगा बंगळुरात वाढलेला, अरविंद सवूर यांच्या हाताखाली शिकलेला, पंकज अडवाणी. जन्म पुण्याचा. २००५ साली माल्टाला त्यानं बिलियर्ड्सची दोन्ही अजिंक्यपदं घेतली, वेळेच्या मर्यादेचंही आणि गुणांच्या मर्यादेचंही, आणि नंतर घेतच राहिला. आता त्याच्याकडे जागतिक किताब पंचविसाहून जास्त आहेत. स्नूकरमध्ये पैसा आहे, तो व्यावसायिक स्नूकर खेळायला इंग्लंडला गेलाही होता. दोन हंगाम खेळला आणि परत आला, आणि पुन्हा तीन बॉल मांडून बसला.